अण्णांची चाल

‘माग’चं नवं टेक्नो गाणं बाहेर आलं त्याच दिवशी दौऱ्याच्या तारखाही जाहीर झाल्या. तिबिलिसी, लिस्बन, गोवा, पुणे आणि सगळ्यात शेवटी इचलकरंजी. शेवटचं नाव वाचून परदेशातल्या चाहत्यांना वाटलं, हा कुठला तरी नवा क्लब असावा. इचलकरंजीकरांना मात्र आपल्या गावाचं नाव लिस्बनच्या रांगेत बसलेलं पाहून इतकं भरून आलं की त्यांनी लगोलग सत्कार समितीच नेमली. टेक्नो म्हणजे काय हे समितीत कुणालाही नीट माहीत नव्हतं, पण सत्कार करायला ते माहीत असावं लागत नाही.

‘माग’ म्हणजे केतकी सुकुमार मगदूम. नाव घेताना तिच्या डोक्यात यंत्रमाग होता. परदेशात लोक ‘मॅग’ म्हणायचे आणि तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. टेक्नो ज्यांना आवडत नाही त्यांच्या मते त्यात तासन्‌तास एकच ठोका असतो. ज्यांना आवडतं त्यांचंही मत तेच असतं, फक्त ते सांगताना त्यांचे डोळे मिटलेले असतात. केतकीच्या नव्या गाण्यातला ठोका मात्र किंचित लंगडायचा. एक जागेवर, पुढचा केसभर उशिरा. जाणकार त्या केसभरावर पानंच्या पानं लिहीत होते. गाण्याचं नाव तिने ‘सुकुमार’ ठेवलं होतं. वडिलांचं नाव दिलं की वडिलांसाठी काहीतरी केल्यासारखं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

तिबिलिसीला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, भर दुपारी, तिने ‘सुकुमार’ पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मागच्या मोठ्या पडद्यावर तिचे वडील, अण्णा होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी आणि भोवती वरातीतली माणसं. अण्णांचे पाय बरोबर ठोक्यावर पडत होते, दोन्ही हात हवेत होते. गावातल्याच कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ ‘नाचणारे अण्णा’ या नावाने सगळीकडे फिरला होता. केतकीने तो स्वतः कापून, जोडून गाण्यावर बसवला होता. जॉर्जियातली माणसं पडद्याकडे बघून ‘सुकुमार, सुकुमार’ ओरडत होती. केतकीला वाटलं, झालं, यापेक्षा जास्त काय पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ती हॉटेलात नाश्ता करत असताना आईचा फोन आला.

“तुझ्या त्या पडद्यावर ह्यांना दाखवलंस म्हनं,” आई म्हणाली.

“हो, बघितलंस? किती गोड दिसतात अण्णा. माझ्या गाण्यावर पहिल्यांदाच नाचले बघ ते.”

“तुला ते नाचताना दिसत्यात व्हय?” आईने विचारलं.

“म्हणजे?”

“बस्तीतनं देवाचं दर्शन घेऊन येत होते. वरात आडवी आली, तुझं गाणं लावलेलं. पाय निघाले ते निघालेच. गावभागापासनं पार शहापूरपातुर वरातीमागनं गेले. थांबता येईना. हात करून मदतीला माणसं बोलवाय लागले, तर लोकं आनखी टाळ्या वाजवाय लागली. शहापुरात गाणं एकदम बंद केलं तसे रस्त्यात तोंडावर पडले. हे तुला सांगायचं न्हाई म्हनून मला शपथ घातलीया. पर तू तेच पडद्यावर लावलंस, मग मला ऱ्हावलं न्हाई.”

केतकीच्या समोरची अंडी तशीच राहिली.

तिला हे अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. तो व्हिडिओ जोडताना एक तुकडा तिने काढून टाकला होता. त्या तुकड्यात अण्णा कॅमेऱ्याकडे वळून बघतात. चित्र जरा हललंय, असं कारण तिने स्वतःला दिलं होतं. चित्र हललेलं नव्हतं. अण्णांचे डोळे तिने नीट पाहिले होते आणि मग तो तुकडा पुसला होता.

हे कसं घडलं ते कळायला अण्णांच्या पायांची गोष्ट सांगावी लागेल.

अण्णांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. माग भंगारात गेले, अण्णा घरी बसले आणि थोड्याच काळात त्यांना कंपवात झाला. हात थरथरतात याचं त्यांना विशेष वाटलं नाही. चहा थोडा कमी ओता, एवढंच ते म्हणायचे. पण पुढे पाय जमिनीला चिकटायला लागले. दारात उभे राहायचे, बाहेर जायचं असायचं, आणि पाऊल उचलायचंच नाही.

माणूस चालतो तेव्हा ‘आता डावा, आता उजवा’ असं तो मनात म्हणत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी तो ताल गुपचूप धरून असतात. कंपवातात नेमक्या त्या पेशींची रसद तुटते. पाय धडधाकट असतात, स्नायू धडधाकट असतात, फक्त त्यांना ‘चल’ म्हणणारं कुणी उरत नाही. पण कानातून आलेला ताल वेगळ्या वाटेने पायांपर्यंत पोचू शकतो. बँड वाजला की असा रुग्ण चालू लागतो हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अडचण एवढीच की मेंदू सरळसोट ठोक्याला लवकर कंटाळतो आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो.

मिरजेच्या डॉ. रेवती इनामदारांनी यावर तोड काढली होती. खांद्याजवळ कातडीखाली काड्यापेटीएवढी डबी आणि तिच्यातून मेंदूत गेलेल्या केसाहून बारीक तारा. एक तार ऐकण्याच्या केंद्राशी बसते आणि फक्त एक ठरावीक ताल ओळखते. तो ऐकू आला की बाकीच्या तारा प्रत्येक ठोक्याला विजेची हलकी टिचकी मारतात आणि पाय उचलतो. रुग्णाने काही महिने सराव केला की मेंदू, डबी आणि तो ताल यांची एवढी गट्टी जमते की विचार करावाच लागत नाही. इनामदार त्या तालाला ‘चाल’ म्हणत. मराठीत चाल गाण्याला असते आणि माणसालाही असते, त्यामुळे त्यांना नवा शब्द शोधावा लागला नाही.

चालीला दोन अटी होत्या. मेंदू कंटाळू नये म्हणून ती जराशी वाकडी हवी, आणि जगात दुसरीकडे कुठे वाजणारी नको. अण्णांना लेझीम ऐकवून झालं, घड्याळ झालं, णमोकार मंत्र झाला. पाय ढिम्म. शेवटी केतकी स्वतःकडचा एक आवाज घेऊन मिरजेला गेली. अण्णांचा माग विकला जाण्याआधी तिने त्याचा आवाज भरून ठेवला होता. मागावर सूत घेऊन जाणारा धोटा एकदा डावीकडून फेकला जातो, एकदा उजवीकडून. अण्णांच्या मागाचा उजवा फटका कायम किंचित उशिरा पडायचा. तो आवाज लावल्याबरोबर अण्णांची टाच हलली.

त्या आवाजातून केतकीने महिनाभर खपून अण्णांची चाल बांधली. कमरेला एक छोटा स्पीकर अडकवला. पहिल्या दिवशी अण्णा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, “डॉक्टर, मागं वळायचं बटन कुठं हाय?” आई हसता हसता रडली.

“केतकी, ही चाल बाहेर जाऊ देऊ नकोस,” इनामदारांनी तेव्हा बजावलं होतं. “कोण वाजवतंय हे डबीला कळत नाही. कानावर आली की पाय उचलणार. कानात बोळे घातले तरी मोठा आवाज हाडांतून आत जातोच.”

केतकीने मान डोलावली होती.

त्यानंतरचं वर्ष तिला कोरडं गेलं. जे करायला जावं ते फसायचं. आयोजकांनी फोन उचलणं कमी केलं. मुंबईचा कैझाद, म्हणजे तिचा मॅनेजर, दर आठवड्याला जास्त जास्त गोड बोलायला लागला आणि त्याचा अर्थ तिला कळत होता. अशात एकदा तिने सहज अण्णांची चाल नव्या गाण्याच्या तळाशी टाकून पाहिली. गाणं उठून बसलं. कैझादने ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, “हेच.”

अण्णांची चाल जशीच्या तशी बाहेर जाऊ नये म्हणून तिने प्रयत्न केला. उशिराचा ठोका सरळ करून पाहिला, मागेपुढे सरकवून पाहिला. प्रत्येक वेळी गाणं मरायचं. मग तिने विचार केला, लिस्बनला वाजलं म्हणून अण्णांच्या कानावर कसं जाईल? इचलकरंजीत टेक्नो कोण ऐकतंय? गावाबद्दलची ही खात्री तिने शहरात जाऊन मिळवली होती, आणि तिथेच ती फसली. गावात आता बिनआवाजाचे नवे माग आले होते. ज्या खटखटीवर दोन-तीन पिढ्या झोपल्या आणि जाग्या झाल्या, ती खटखट गावातून गेली होती. ती स्पीकरमधून परत आलेली ऐकली तेव्हा गावाने ती एका फटक्यात ओळखली. मग वराती आल्या, मिरवणुका आल्या, निवडणुकीचा गुलाल आला. सगळ्यांपुढे ‘सुकुमार’ वाजायला लागलं.

आईच्या फोननंतर केतकीला लिस्बन रद्द करता आलं असतं. तिने ते केलं नाही. तिथे पडद्यावर अण्णांऐवजी रंगीत रेघा दाखवल्या आणि आपण काहीतरी सोडलं असं स्वतःला समजावलं. मग ती घरी आली.

अण्णा खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. कपाळावर खरचटल्याची खपली होती. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आलीस व्हय? वाळलीस लई. तिकडं जेवायला घालत्यात का न्हाई?”

“अण्णा, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं त्यात? तुझं गानं चाललंय, चांगलंच हाय की.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हात पुसत. लांबून ढम ढम ऐकू येत होतं. केतकीने तो आवाज ओळखायच्या आत आईने खिडक्या लावल्या, अण्णांच्या कानात कापसाचे बोळे घातले आणि खुंटीवरचं जुनं उपरणं काढलं. अण्णांनी दोन्ही हात वर केले. आईने उपरणं त्यांच्या कमरेभोवती घेऊन पलंगाच्या खुराला आवळून बांधलं. रोजचं काम असावं तसं ते चाललं होतं.

वरात गल्लीच्या तोंडाशी आली. भिंती हादरायला लागल्या. अण्णांचे पाय चालू झाले. बसल्या जागी, फरशीवर, डावा उजवा, डावा उजवा. कंबर पुढे ओढली जात होती आणि उपरणं तिला मागे धरत होतं. अण्णा केतकीकडे बघून मोठ्याने बोलत होते, कारण कानात कापूस होता.

“शेंगदाण्याची चटनी केलीया तुझ्यासाठी. जाताना घेऊन जा. मागच्या वेळी राहिली.”

केतकी उठून त्यांच्या पायांशी बसली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांची पावलं धरली. ती थांबेनात. तिच्या हातांत तिचाच ताल येत होता, तिने जसा बांधला होता तसा, केसाचाही फरक नाही. तिला स्वतःची किळस आली. वरात पुढे गेली, आवाज विरला, पाय थांबले. आईने गाठ सोडली.

“चौकातली टवाळ पोरं तर मोबाइलवर लावून मजा बघत्यात,” आई म्हणाली. “नाचणारे अण्णा आले म्हनत्यात. बस्तीला जाणं सोडलं ह्यांनी. चाल लागली तवा हिंडायला लागले होते, आता दाराबाहेर पाय टाकत न्हाईत.”

“त्यांना ठाऊक न्हाई ना,” अण्णा म्हणाले. “ठाऊक असतं तर केली नसती.”

केतकी मान खाली घालून बसली. तिला ठाऊक होतं, आणि तिने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं मिरजेला गेली. इनामदार रागावतील, दोन शब्द सुनावतील म्हणून केतकीने मनाची तयारी केली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी अण्णांची डबी तपासली, पाय तपासले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

“दोन वाटा आहेत,” त्या म्हणाल्या. “पहिली तुझ्या हातात आहे, केतकी. गाणं मागे घे. जिथे जिथे आहे तिथून काढ, स्वतः वाजवणं बंद कर आणि गावाला खरं कारण सांग. लगेच थांबणार नाही. काही लोक मुद्दामही वाजवतील. पण गाणी शिळी होतात. वर्षभरात विरून जाईल, आणि काकांचे पाय काकांचे राहतील.”

“आणि दुसरी?”

“चाल पुसायची. डबी टिचकी मारणं बंद करेल. पण नुसतं बंद करून भागत नाही, मेंदूला सवय लागलेली असते. त्यालाही विसरायला लावावं लागेल. त्यानंतर आपण नवी चाल लावायचा प्रयत्न करू, पण या वयात ती लागेलच असं मी म्हणणार नाही. बहुतेक काका खुर्चीतच असतील.”

केतकीने तोंड उघडलं. ‘मागे घेते’, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. तिच्या जागी रस्त्यावरचा कुणीही ते म्हणाला असता. पण त्या क्षणी तिला गोवा दिसलं, पुणं दिसलं, न उचलले गेलेले फोन आठवले, कैझादचं गोड बोलणं आठवलं. हे एक गाणं गेलं की आपण परत कुणीच नाही, हे तिला लख्ख दिसलं.

“मी कैझादशी बोलते,” ती म्हणाली. “जरा विचार करून सांगते.”

अण्णा स्टुलावर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. थरथरत्या बोटांनी त्यांना वेळ लागायचा. त्यांनी मान वर करून केतकीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

“पुसा,” ते म्हणाले.

“अण्णा, थांबा ना. मी म्हटलं ना विचार करते.”

“विचार कशाला त्यात? सारा जलम उभ्यानं काम केलं. आता बसायला मला काय धाड भरलीया? डॉक्टर, पुसून टाका तुमी.”

परतताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर ती केतकीला हळू आवाजात म्हणाली, “तू लगीच हो म्हनली असतीस, तर त्यांनी पुसा म्हटलं नसतं.”

केतकीने संध्याकाळी अण्णांपुढे बसून सांगितलं, की मी गाणं मागे घेते, आत्ता फोन लावते. ती मनापासून बोलत होती. निदान त्या वेळी तरी तिला तसं वाटलं.

अण्णांनी तिचा हात थोपटला. “आता नको. तुझा जीव त्यात हाय, मी बघितलं की मगाशी. मागं घेतलंस तर जवा जवा मला चालताना बघशील तवा तुला तेच आठवंल. तसलं चालून काय करू? त्यापेक्षा मी बसलेला बरा.”

केतकीने फार वाद घातला नाही. घालायला हवा होता. आतून कुठेतरी तिला हायसं वाटलं होतं, आणि ते अण्णांना दिसू नये म्हणून ती पाणी आणायला उठली.

चाल विसरायला लावायची पद्धत साधी होती आणि वाईट होती. डबीची टिचकी बंद ठेवून तीच चाल रोज ऐकवायची. ठोका येतो, पण मदत येत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदू हळूहळू त्या ठोक्याचा नाद सोडतो. मात्र पाय जसा मंदावेल तशी चालही त्याच्याबरोबर मंद करायची, नाहीतर रुग्ण पडतो. हे यंत्राला नीट जमत नव्हतं. पाय बघत बघत वाजवणारं माणूस लागत होतं, आणि ती चाल आतून बाहेरून माहीत असलेलं एकच माणूस जगात होतं.

केतकीने गोवा आणि पुणे रद्द केलं. रोज सकाळी अंगणात अण्णा आईच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहायचे आणि केतकी समोर वेताच्या मोड्यावर बसून मांडीवरच्या छोट्या यंत्रावर चाल वाजवायची. पहिल्या दिवशी अण्णा अंगणाच्या टोकापर्यंत गेले. हळूहळू अंगण मोठं होत गेलं, टोक गाठेना. मग पावलं घासायला लागली. मग नुसत्या टाचा उचलायच्या.

“उजवा सुटला बघ,” अण्णा सांगायचे. “डावा अजून ऐकतोय. डावा पहिल्यापासनं चिवट.”

ते हे इतक्या शांतपणे सांगायचे की केतकीला यंत्र फेकून द्यावंसं वाटायचं. पण तिची बोटं चुकत नव्हती. तिला दोन गोष्टी एकाच वेळी वाटत होत्या. पायांनी विसरू नये असं वाटायचं, आणि गावातल्या कार्यक्रमाच्या आत हे उरकावं असंही वाटायचं. दुसरी गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नव्हती. आईला ती न सांगताही कळली असावी, कारण आई तिच्या ताटात भाकरी वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही.

एका सकाळी तिने चाल वाजवली आणि काहीच झालं नाही. अण्णा आईच्या खांद्यांवर भार टाकून उभे होते, पाय जमिनीवर नुसते ठेवलेले. केतकीने वेग वाढवला, कमी केला, पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

“अगं बास,” अण्णा म्हणाले. “झालं ते.”

आईने त्यांना खुर्चीत बसवलं. केतकी यंत्र मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. माफी मागावी असं तिला वाटत होतं, पण माफी मागितली की अण्णा ती लगेच देणार, आणि ती घेण्याची तिला लाज वाटली.

दोन दिवसांनी दुपारी गल्लीत गडबड उडाली. सत्कार समितीने केतकीच्या कार्यक्रमाची जाहिरात करायला ट्रॅक्टरवर स्पीकर चढवून मिरवणूक काढली होती. मागे पंधरा-वीस माणसं नाचत होती. आई घाईने आत आली, खिडकीपाशी गेली आणि तिथेच थांबली. लावायची काही गरज उरली नव्हती.

“खुर्ची दारात घ्या माझी,” अण्णा म्हणाले.

दोघींनी मिळून खुर्ची उंबऱ्याशी नेली. ट्रॅक्टर दारावरून जायला लागला. नाचणाऱ्यांतल्या कुणीतरी ‘नाचणारे अण्णा’ म्हणून हाक मारली, हात करून बोलावलं. अण्णांनी हसून हात हलवला. पाय फरशीवर शांत होते. ट्रॅक्टर वळणावर अडकला, त्यामुळे गाणं तिथे बराच वेळ वाजत राहिलं. अण्णा मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून बसले होते. केतकी खुर्चीच्या पाठीमागे उभी होती. त्यांना त्रास होत असणार असं तिला वाटलं, म्हणून तिने खुर्ची आत घ्यायला हात लावला.

“थांब की,” अण्णा म्हणाले. “ऐकू दे.”

गाणं संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“चांगलं झालंय गं,” ते म्हणाले. “त्या मधल्या जागेला सगळं बंद करून नुसता धोटा ठेवलायस, ते लईच भारी हाय. इतक्या बारी वाजलं, पर मला ऐकायलाच कधी मिळालं न्हाई. वाजलं की सगळं ध्यान पायाकडं. आज ऐकलं बघ पहिल्यांदा.”

केतकीला हुंदका आला असता तर बरं झालं असतं. तिने त्यांचे पाय धरायला हवे होते, निदान गप्प तरी राहायला हवं होतं.

“खरंच आवडलं, अण्णा?” तिने विचारलं.

“मग. उगंच म्हनीन व्हय?”

मधली ती जागा आजवर कुणी ओळखली नव्हती, पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनीही नाही. केतकीला आनंद झाला. आतून वर येत तो तिच्या चेहऱ्यावर पसरला आणि तिला आवरता आला नाही. तिने तोंड फिरवलं, तर समोर आई उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.